रेटिनोब्लास्टोमा : लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरने आनुवंशिकतेचं कोडं कसं सोडवलं?

घरात एका मुलाला कॅन्सर झाला की पालकांचा पुढचा प्रश्न असतो, "आता दुसऱ्यालाही होईल का?" या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची वाट १९७१ साली एका अवघ्या चार पानी शोधनिबंधाने दाखवली. तो लिहिला होता अमेरिकन डॉक्टर आणि जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नुडसन यांनी.

कोडं काय होतं?

रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. तो मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी दिसतात आणि त्याही फार लवकर. काहींच्या मात्र एकाच डोळ्यात, थोड्या उशिरा. एकाच आजाराची अशी दोन रूपं का?

नुडसन यांनी काय केलं?

त्यांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ मुलांच्या नोंदी घेतल्या आणि निदानाच्या वेळचं वय आलेखावर मांडलं. दोन्ही डोळ्यांत आजार असलेल्या मुलांचा आलेख एका घटनेशी जुळत होता, तर एका डोळ्याच्या रुग्णांचा दोन घटनांशी.

म्हणजे नेमकं काय?

सायकलला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर काम भागतं. पेशींची वाढ रोखणाऱ्या जनुकाच्याही दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. आनुवंशिक प्रकारात मूल जन्मतःच एक बिघडलेली प्रत घेऊन येतं, त्यामुळे दुसरी बिघडली की गाठ तयार होते. इतरांमध्ये एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती गर्भधारणेनंतर बिघडाव्या लागतात. यालाच 'टू-हिट' सिद्धांत म्हणतात. हे जनुक, आरबी१, प्रत्यक्ष हाती लागलं ते १९८६ साली.

आज त्याचा उपयोग काय?

जनुकीय चाचणीत कुटुंबातला दोष सापडला, तर कोणत्या भावंडाची वारंवार तपासणी करायची आणि कोणाची नाही, हे ठरवता येतं. बिघडलेली प्रत असलेल्या पालकाकडून ती प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा मुलांना पुढे इतर कॅन्सरचाही धोका असल्याने डॉक्टर रेडिएशन शक्यतो टाळतात.

मात्र अनेक मुलांमध्ये हा दोष नव्याने निर्माण होतो. त्यामुळे 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

कशाकडे लक्ष द्यावं?

फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा वाटू लागला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. अशी चमक म्हणजे कॅन्सरच असं नाही, मोतीबिंदूही असू शकतो. पण वेळेत निदान झालं तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो आणि अनेकदा दृष्टीही.