सातबारा खरा, बाई खोटी?

आपल्या तिरोड्यात खरेदी केंद्रावर धान विकायचं, तर सातबारा लागतो. राज्यभरातल्या या नोंदी ज्या खात्याच्या हाती, त्याचे प्रमुख पुण्याचे जमाबंदी आयुक्त. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७ म्हणतं: नोंद चुकीची आहे हे सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. आता बघा, हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकात भरताना एखाद्या विधवेचं नाव सुटलं, तर नोंद खरी आणि बाई खोटी! (तर्कशास्त्रात पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर, इथे नोंद मुकी, म्हणून तो बाईवर.) लेखनातली चूक कलम १५५ खाली दुरुस्त होते. पण खातेप्रमुखाच्या बैठकीत किती उतारे ऑनलाइन झाले हेच विचारलं गेलं, तर तिचा अर्ज तहसीलमध्ये किती दिवस पडलाय, हे कोण विचारणार?