छिद्र केवढं? आधी अवयव सांगा

'पेट'ची तयारी करणाऱ्या एकाने परवा विचारलं, "केशवाहिनीच्या भिंतीतलं छिद्र किती नॅनोमीटरचं धरायचं?" प्रश्न साधा आहे, पण त्याला एकच आकडा देता येत नाही. घरात पिठाची चाळणी वेगळी, रव्याची वेगळी, गव्हाची वेगळी. शरीरातही तसंच आहे.

सगळ्यात बारीक चाळणी मेंदूची. तिथे भिंतीच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियम, एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की ग्लुकोजलासुद्धा आत जायला वाहक प्रथिन लागतं. स्नायूंमध्ये पेशींच्या मधल्या फटींतून पाणी, क्षार, ग्लुकोज सहज जातात. सुमारे ७ नॅनोमीटरचं अल्ब्युमिन मात्र फार थोडं. मूत्रपिंडाच्या ग्लोमेरुलसमध्ये पेशीलाच आरपार ६० ते ८० नॅनोमीटरची भोकं असतात. यकृतात ती साधारण १०० ते १५० नॅनोमीटरची, आणि त्यांच्यामागे सलग आधारपटलही नाही.

इथे थांबून एक विचार करा. मूत्रपिंडातलं भोक ६० नॅनोमीटरचं, अल्ब्युमिन ७ चं. मग ते लघवीत का उतरत नाही? कारण भोकाच्या पलीकडे आधारपटल आहे, त्यापुढे पोडोसाइट पेशींच्या अरुंद फटी आहेत, आणि एंडोथेलियमवर शर्करायुक्त रेणूंचा थरही आहे. म्हणजे भोक आणि अडसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीत इथेच बरेच जण अडकतात.

आता आपल्या भागातलं उदाहरण. एरंडोलहून चोपडा-यावलकडे गेलं की सातपुड्याचा पायथा लागतो. तिथल्या आणि धुळे-नंदुरबारच्या पावरा, भिल्ल समाजांत सिकलसेल आढळतो. हा आजार हिमोग्लोबिनचा, पण त्याचा मोठा फटका बसतो प्लीहेला, म्हणजे पानथरीला. पानथरीतल्या खुल्या वाटेने जाणाऱ्या लाल पेशीला परत रक्तात यायचं तर एंडोथेलियमच्या दोन पेशींमधल्या फटीतून पिळून निघावं लागतं. पेशी ७-८ मायक्रोमीटरची, फट जेमतेम १ मायक्रोमीटरच्या आसपास. निरोगी पेशी लवचीक असते, निघून जाते. सिकल पेशी ताठ होते आणि तिथेच अडकते.

लहान मुलात कधी कधी बरंचसं रक्त पानथरीत अडकून राहतं आणि काही तासांत जीवावर बेततं. म्हणून आईवडिलांना पोटावर हात ठेवून पानथरी वाढली का हे बघायला शिकवतात. वारंवार इजा होऊन पानथरी निकामी झाली, तर न्यूमोकोकससारखे जिवाणू धोकादायक ठरतात. म्हणून लस आणि पेनिसिलिन. फट तीच, तेवढीच. पेशीचा ताठरपणा बदलला आणि सगळं बदललं. म्हणजे नुसता आकार मोजून भागत नाही, जाणारी वस्तू किती वाकते तेही बघावं लागतं.

शेवटची गोष्ट मोजण्याची. यकृताचा तुकडा नुसता फिक्सेटिव्हमध्ये बुडवला की भिंतीत मोठाली भगदाडं दिसायची. १९७० मध्ये विस यांनी रॅटच्या यकृतात फिक्सेटिव्ह रक्तवाहिनीतूनच सोडलं, तेव्हा खरी, नेटकी छिद्रं दिसली. पण हेच द्रव जास्त दाबाने सोडलं तरी भिंत फाटते. शिवाय रॅटच्या यकृतातली छिद्रं माणसापेक्षा मोठी असतात. तुमचा १२० नॅनोमीटरचा औषधकण रॅटच्या यकृतात शिरला, म्हणून माणसात तेवढाच शिरेल असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पेपरमध्ये छिद्राचा आकडा दिसला, की समासात चार शब्द लिहा: अवयव, प्राणी, पद्धत, कण. या चारांची उत्तरं मिळाली, तरच तो आकडा तुमच्या वहीत उतरवा.