सगळा माल विकू नका, आधी घरचा वाटा काढा



रब्बीची काढणी आटोपत आलीय. गहू, ज्वारी, हरभरा खळ्यावरून थेट काट्यावर न्यायची घाई सगळ्यांनाच असते. तुमचा माल विकणं हेच आपल्या कंपनीचं काम. तरीही आज सांगतोय: सगळा माल आणू नका. का, ते मुंबईच्या गिरणगावाकडे बघितलं की कळतं.

लालबाग, परळ, दादर, गिरगावातल्या चाळींत आपल्याच गावांकडची माणसं राहायची. कोणी कोकणातलं, कोणी सातारा-सांगली-कोल्हापूरकडचं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार एकदम थांबला. संप वर्षाहून जास्त लांबला आणि रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही.

पगार थांबल्यावर आधी वाण्याची उधारी वाढली, मग दागिने, भांडी गेली. ज्यांची गावाकडे थोडीफार शेती होती, त्यांना तिचाच आधार झाला. कोणी बायकापोरांना गावी धाडलं, कोणाला गावाहून तांदूळ-ज्वारीचं पोतं आलं. गावोगाव धान्य गोळा करून संपकऱ्यांना वाटलं गेलं. गावानं आपलं धान्य राखलं होतं, म्हणून शहरातली चूल पेटली.

आता आपल्या घराकडे बघा. सोयाबीन, कापूस, ऊस घ्यायचा, सगळा विकायचा आणि पीठ-डाळ दुकानातून आणायची. पैसा आला की किराणा, थांबला की उधारी. म्हणजे शेतकऱ्याचं घरही हिशोबानं चाळीतल्या खोलीसारखंच झालंय. पूर आला, रस्ता तुटला, आजारपण निघालं किंवा बिल अडकलं, तर आपल्याला पोतं कोण पाठवणार?

किती ठेवायचं?
मोठ्या माणसाला महिन्याला साधारण 10 किलो धान्य आणि दीड किलो डाळ धरा. पाच माणसांच्या घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी 2 क्विंटल धान्य आणि 30 किलो डाळ लागते. तेल, मीठ, गूळ, काडेपेटी एक महिन्याची जादा ठेवा.

कसं ठेवायचं?
– धान्य कडक वाळवा. दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे. उन्हातलं गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, सावलीत निववून भरा.
– पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सुकवलेला कडुनिंबाचा पाला घाला.
– दादर-परळच्या हिंदमाता भागात जोरदार पावसात पाणी तुंबतं, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. आपलंही घर नदी-ओढ्याकाठी असेल, तर धान्य माळ्यावर चढवा.
– माणसं झोपतात त्या घरात सल्फासच्या गोळ्या अजिबात वापरू नका. त्याच्या वायूनं जीव जातो.
– औषध लावलेलं बियाणं खायच्या धान्याजवळ ठेवू नका.

धान्याबरोबर आणखी काय?
– पिण्यासाठी माणशी रोज 3 ते 4 लिटर पाणी धरून तीन दिवसांचा साठा झाकून ठेवा. पुरानंतर पाणी उकळूनच प्या.
– जुलाब लागल्यास 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या.
– सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.
– बॅटरी, रोजची औषधं आणि थोडे सुटे पैसे एका जागी ठेवा. लाईट गेली की मोबाईलवरून पैसे देता येतीलच असं नाही.
– नंबर: तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108, जनावरांचा दवाखाना 1962, जिल्हा आपत्ती कक्ष 1077. कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा.

शेवटचं, ताईंसाठी. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका स्वतःच सावकार-वाण्याच्या कर्जात असायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकेकटीला जे जमत नव्हतं, ते गटानं जमलं. आपल्या बचत गटानंही पावसाळ्याचं तेल-डाळ एकत्र घेऊन बघा. घाऊक भाव मिळतो आणि एखादीकडे अडचण आली तर गटातून उसनं देता येतं.

घरात किती धान्य लागतं, हे स्वयंपाक करणारीला नेमकं माहीत असतं. म्हणून गाडी भरायच्या आधी तिला विचारा. ती सांगेल तेवढी पोती उतरवून ठेवा आणि उरलेला माल घेऊन संकलन केंद्रावर या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
(हा मेसेज गावच्या ग्रुपवर पाठवा. घरात वाचूनही दाखवा.)