खासदाराचा मंडे टू संडे

मंडे ब्लूज फक्त आपल्यालाच असतात, असा माझा ठाम समज होता. मध्यंतरी ऑफिसात ब्रसेल्सच्या क्लायंटबरोबर कॉल सुरू होता. पुढची मीटिंग काही केल्या ठरेना. शेवटी तिकडची एक जण म्हणाली, "तो आठवडा नको गं, लाल आहे!" तिचा नवरा युरोपियन पार्लमेंटच्या एका सदस्याकडे काम करतो. या मंडळींच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांना रंग असतात म्हणे. समित्यांचा गुलाबी, पक्षगटांचा निळा, मतदारसंघासाठी वगैरे फिरोजी. आणि लाल म्हणजे अख्खी पार्लमेंट चार दिवसांसाठी ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जाणार. त्या आठवड्यात पोरं हिच्या एकटीच्या गळ्यात.

मला एकदम आमचा बीड जिल्हा आठवला. मी मूळची केज तालुक्यातली, आता हिंजवडीतली. आमच्या खासदाराचा आठवडा कोणत्या रंगाचा असतो? रात्री फोनवर अण्णांना विचारलं. "लोकसभा चालू असली की दिल्लीत, नसली की लग्नात," अण्णांनी विषय संपवला.

मी मात्र त्याचा नाद सोडला नाही.

आधी साइज बघा. युरोपियन पार्लमेंटमध्ये 720 सदस्य आहेत आणि लोकसंख्या 45 कोटींच्या आसपास. म्हणजे एका सदस्यामागे सव्वासहा लाख माणसं. बीड लोकसभा म्हणजे आमचे सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती आणि त्या सगळ्यांना खासदार एक. बॉस, हा कोणत्या ॲपरेझल फॉर्ममध्ये बसणार?

अधिवेशन असेल तर सोमवारी सकाळी अकराला सभागृह सुरू होतं. बीडला विमानतळ नाही. त्यामुळे रविवारीच गाडीत बसायचं, तीन-एक तास संभाजीनगरपर्यंत, नाहीतर पुणं, आणि तिथून दिल्ली. आपण फ्रायडे नाइटला ट्रॅव्हल्समध्ये पाठ मोडून घेतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की त्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत.

या ये-जा करण्याची चेष्टा मी फार करणार नाही. 3 जून 2014च्या सकाळी गोपीनाथ मुंडे दिल्लीच्या घरातून विमानतळाकडे निघाले होते. बीडला यायचं होतं. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते आणि जिल्ह्यात सत्काराची तयारी सुरू होती. रस्त्यात गाडीला अपघात झाला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्कार झाले. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती. अण्णा मुंडेंचे मतदार नव्हते, तरीसुद्धा.

तर दिल्लीतला दिवस. अकरा ते बारा प्रश्नोत्तरांचा तास. प्रत्येक खात्याचा वार ठरलेला, रेल्वेचा बुधवार. तोंडी उत्तरासाठी रोज 20 प्रश्न निवडले जातात, तेही लॉटरी काढून. त्यातल्या जेमतेम पाच-सहांपर्यंत तास पोचतो. बाकी 230 प्रश्नांना लेखी उत्तरं. बारानंतर शून्य प्रहर, त्यातही पुन्हा नशीब. नियम 377 खाली एखादा विषय मांडता येतो, पण तो आठवड्यातून एकदाच, आणि लिहून आणलेला मजकूर वाचायचा. म्हणजे आठवडाभर दिल्लीत बसून माणसाच्या तोंडून बीडचा उच्चार दोनदा झाला तर तो चांगला आठवडा! टीव्हीवर आपण पाहतो तो गदारोळ झाला की तेवढंही नाही.

पण हे दोनदा-दोनदा साचतं का? आमच्या रेल्वेचंच घ्या. अहमदनगर-बीड-परळी मार्ग, 261 किलोमीटर, मंजुरी 1995 सालची. तेव्हाचा खर्च 353 कोटी, पुढे तो साडेचार हजार कोटींच्या वर गेला. मी बालवाडीत होते तेव्हापासून 'यंदा गाडी येणार' ऐकलंय. मधल्या काळात खासदार बदलले, पक्ष बदलले, प्रश्न तोच. 17 सप्टेंबर 2025ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली. परळीपर्यंतचा पुढचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता. व्हॉट्सअॅपवर गाडीचा व्हिडिओ आला आणि मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्या उभ्या रडले. कारण विचारू नका.

बुधवार झाला, आता गुरुवार. हा माझ्या मते आठवड्यातला खरा वार, पत्रांचा. बदली, गॅस एजन्सी, रेल्वेचं कन्फर्म तिकीट. एके काळी केंद्रीय विद्यालयाची ॲडमिशनसुद्धा. प्रत्येक खासदाराला वर्षाला 10 जागांचा कोटा होता, तो 2022मध्ये बंद झाला. कॉलेजात असताना मी यावर तावातावाने भाषण द्यायचे. खासदाराचं काम कायदे करणं, चिठ्ठ्या देणं नव्हे! मग काकाची बायपास निघाली. पंतप्रधान मदत निधीच्या अर्जासोबत खासदाराचं पत्र लागेल, असं कुणीतरी सांगितलं. मी सकाळी सातला त्या बंगल्यावर. माझ्या आधी चाळीस माणसं. कुणाच्या हातात एमआरआय, कुणाच्या हातात सातबारा. पीएने नाव विचारलं, गाव विचारलं, छापील कागदावर सही आणि शिक्का. चार मिनिटं! काका आज शेतात जातो. त्यानंतर ते भाषण मी दिलेलं नाही. पण चुकीचं होतं असंही मला वाटत नाही.

निधीचं मात्र एकदा गणित करून बघा. खासदार निधी वर्षाला 5 कोटी. आमच्याकडे भागिले तर माणशी वीस रुपयेही येत नाहीत, एक कटिंग चहा. त्यातही खासदार फक्त कामं सुचवतो, मंजुरी देतो कलेक्टर.

आणि मग वीकेंड. आपण मॉलमध्ये, खासदार मांडवात. अण्णांचं खरं होतं. लग्न, दहावा, वास्तुशांत, सप्ताह. हे लाड वाटत असतील तर दोन आकडे सांगते. 2014च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे बीडमधून 6 लाख 96 हजार मतांनी जिंकल्या होत्या. 2024ला त्याच बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना हरवलं, तेही 6,553 मतांनी. एवढ्या मतांत आमच्याकडची दोन-तीन मोठी गावं येतात. सांगा, कोण मांडव चुकवेल?

गंमत अशी की हिवाळी अधिवेशनात खासदार दिल्लीत असतो आणि मतदारही गावात नसतो. आमच्याकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन सांगली-कोल्हापूर, कर्नाटकात गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. भेटायला जायचं कुणाला? टोळीतून फोन येतो, साहेब, मुकादम उचल मागतोय, काहीतरी करा.

आम्हाला बाहेरचा खासदार नवा नाही. 1967मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याकडून येऊन बीडमधून निवडून गेले होते, कम्युनिस्ट पक्षातर्फे. तेव्हा ते किती लग्नांना गेले असतील, अण्णांनाही माहीत नाही.

लेख लिहून झाल्यावर अण्णांना फोन केला. म्हटलं, खासदाराला एकच प्रश्न विचारायचा झाला तर काय विचाराल?

"रेल्वे परळीला कधी जायली, ते विचार," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "आन् रविवारी बबनच्या पोरीचं लग्न हाय. येतेत का, तेबी विचार."