खाडीकाठचे घर : आधी जमिनीला विचारा

नागपाडा, डोंगरीच्या एका खोलीत संसार केलेल्या कितीतरी कुटुंबांनी मीरा रोडला घर घेतले. अम्मीचे दागिने, भाईजानची आखातातली कमाई, बहिणीच्या निकाहसाठी ठेवलेले पैसे, सारे त्या एका चावीत जाते. घर घेताना आपण स्टेशन, शाळा, मशीद किती जवळ ते पाहतो. पायाखालच्या जमिनीची चौकशी मात्र क्वचितच करतो.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. मधल्या सखल भागात मिठागरे, शेते आणि तिवरे होती. पुष्कळ वस्त्या तेथे भराव टाकून उभ्या राहिल्या. भरावाखाली खाडीची मऊ चिकणमाती असते, पक्का खडक त्याहून खोल. इमारतीचा भार खडकापर्यंत नेणारा पाया नसेल तर ती एका अंगाने खचते, भिंतींना तिरक्या भेगा पडतात. खाऱ्या हवेने सळया गंजतात आणि स्लॅबचे पोपडे पडतात.

दुसरा धोका पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उधाणाच्या वेळी असा पाऊस आला तर पाणी खाडीत न उतरता तळमजल्यात शिरते.

भूकंपालाही विसरू नये. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. मऊ गाळावर हादरा वाढतो. खाली नुसत्या खांबांवर पार्किंग असेल तर धोका अधिक.

मग करायचे काय? नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. सातबारा काढा. जमीन सीआरझेडमध्ये येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आहे. बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा, पाया कोणता ते लिहून घ्या. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट पाहा. ३० वर्षांनंतर ते कायद्यानेच बंधनकारक आहे.

आणि एकदा भर पावसात, उधाणाच्या दिवशी तेथे जा. गल्लीत पाणी कुठवर चढते, हे कोपऱ्यावरचा दुकानदार बरोबर सांगेल. बयाणा त्यानंतरच द्या.