शिळी हवा आणि तिच्यातली ऊब

घरात हवा खेळती असावी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून, दाराखालच्या मोकळ्या जागेतून ती न बोलावता येते. त्यामुळे हवेला किंमत पडते ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. परंतु ज्या देशांत वर्षातले पाच-सहा महिने बाहेर हाडे गोठवणारी थंडी असते, तेथे ताज्या हवेचे रोख पैसे मोजावे लागतात. खिडकी उघडली की आत आलेली हवा तापवावी लागते. आणि तापवलेली हवा बाहेर गेली की तिच्याबरोबर गॅसचे किंवा विजेचे बिलही बाहेर जाते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो खिडकीही उघडतो आणि शेगडीही पेटती ठेवतो. ज्याच्यापाशी नाही तो खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतो. आजचा विषय वरवर पाहता एका यंत्राचा आहे. पण आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेल्यामुळे आमचे लक्ष प्रथम त्या चिंध्यांकडे जाते.

रॉचडेल हे नाव सहकारी चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. इंग्लंडातले हे कापड गिरण्यांचे गाव. १८४४ साली तेथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी आपले सहकारी दुकान काढले, आणि त्यांचे नियम पुढे जगभरच्या सोसायट्यांनी उचलले. त्याच रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा वारला. आईबाप सुदानमधून आलेले, राहायला भाड्याचा छोटा गाळा. गाळ्यात ओल होती, भिंतींवर काळी बुरशी होती. बापाने २०१७ सालीच तक्रार केली होती. त्याला सांगण्यात आले की वरून रंग मारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निर्णय दिला, की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ श्वास घ्यावा लागल्याने मुलाला श्वसनाचा तीव्र विकार झाला व त्यातच तो गेला. घरातली हवा पुरेशी बदलत नव्हती, हेही त्या निर्णयात आहे. घरमालक संस्थेने मात्र आधी दोष कुटुंबाच्या राहणीकडे वळवला होता. हे वाचून आम्हाला नवल वाटले नाही. कारखान्यात अपघात झाला की पहिला अहवाल नेहमी 'कामगाराचा निष्काळजीपणा' हाच असतो. २०२३ साली तेथे कायदा झाला, आणि मुलाच्या नावाने ओळखले जाणारे त्याखालचे नियम ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना लागू झाले. ओलीची तक्रार आली की ठरावीक मुदतीत तपास व दुरुस्ती केलीच पाहिजे, असे ते बंधन आहे.

ही ओल येते कोठून? छपरातून गळणारी ओल वेगळी. येथे ओल माणसांचीच असते. चार माणसांचे कुटुंब श्वास, घाम, स्वयंपाक, अंघोळ आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाकाठी सुमारे दहा लिटर पाणी हवेत सोडते, म्हणजे कळशीभर. गरम हवा हे पाणी सामावून घेते. तीच हवा थंड भिंतीला टेकली की पाणी सोडते, जसे बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसे. त्या ओल्या भिंतीवर बुरशी धरते. आपल्यापैकी अनेकांची मुले आज जर्मनीत, इंग्लंडात, कॅनडात राहतात. सकाळी खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी त्यांच्या चांगल्या परिचयाचे असेल. जर्मनीत तर दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात, अशी घरमालकांची भाडेकऱ्यांना सूचनाच असते. बुरशी धरली की भाडेकऱ्याने हवा खेळवली होती की नाही यावर कोर्टात वाद होतात.

हवेचे माप कसे घ्यायचे हे प्रथम म्यूनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने नीट सांगितले. खोलीतली हवा किती शिळी झाली हे नाकाने नेमके सांगता येत नाही. पण माणूस सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वायू मोजता येतो. १८५८ साली त्याने मर्यादा सुचवली, ती हजारात एक भाग. तेवढ्या प्रमाणात तो वायू विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते. तो वाढला म्हणजे माणसांच्या अंगातून निघालेले बाकी सगळेही तेथेच साचले आहे, एवढीच ती खूण. बाहेरच्या हवेत आज दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास भाग हा वायू असतो. घरातले प्रमाण पेटेनकोफरच्या मर्यादेजवळ ठेवायचे तर माणशी ताशी सुमारे तीस घनमीटर ताजी हवा लागते.

आता हिशेब मांडू. हा हिशेब कुणालाही करता येतो, त्याला इंजिनियर लागत नाही. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक तृतीयांश वॅट-तास लागतो. चार माणसांना ताशी एकशे वीस घनमीटर हवा. बाहेर उणे पाच, आत वीस, म्हणजे फरक पंचवीस अंशांचा. गुणाकार केला की एक हजार वॅट येतात. एक विजेची शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवावी, तेव्हा कोठे चार माणसांच्या श्वासापुरती हवा तापते. दिवसाला चोवीस युनिटे. मजुरी करणारे कुटुंब हे बिल भरणार नाही. ते खिडकी बंद करील. यात अज्ञान नाही, हा त्यांचा साधा जमाखर्च आहे.

येथे ते यंत्र येते. त्याचे तत्त्व आपल्या न्हाणीघरात पिढ्यान्पिढ्या होते. तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. धुराची उष्णता पाण्याला मिळते, पण धूर पाण्यात मिसळत नाही. मधला पत्रा ऊब जाऊ देतो, घाण जाऊ देत नाही. तसेच येथे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांतली शिळी पण गरम हवा एक पंखा ओढून घेतो. दुसरा पंखा बाहेरची थंड ताजी हवा गाळणीतून आत घेतो. दोन्ही हवा एका पेटीत पातळ पत्र्यांच्या किंवा प्लॅस्टिकच्या अनेक पडद्यांमधून एकमेकींच्या शेजारून जातात, एका फटीतून ही, पुढच्या फटीतून ती. शिळी हवा आपली ऊब पडद्याला देऊन थंड होऊन बाहेर जाते. ताजी हवा ती घेऊन झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांत येते.

यात एक गंमत आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. दोन्ही हवा एकाच दिशेने सोडल्या, एक वीस अंशांची आणि एक शून्याची, तर दोघी दहावर येऊन थांबतात. निम्मीच ऊब मिळते. परंतु त्यांना समोरासमोरून सोडले, तर आत येणारी हवा जसजशी गरम होत पुढे सरकते तसतशी तिला अधिकाधिक गरम हवाच भेटत जाते. जिथे ती घरात शिरते तिथे तिच्या शेजारी नुकतीच खोलीतून निघालेली वीस अंशांची हवा असते. म्हणून ती सोळा-सतरा अंशांपर्यंत चढते, आणि शिळी हवा तीन-चार अंशांवर उतरून बाहेर पडते. बर्फावर उभ्या राहणाऱ्या बदकाच्या पायांत रक्तवाहिन्यांची हीच मांडणी असते. खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देऊन जाते.

ऐंशी टक्के ऊब परत मिळाली असे धरले तर मघाच्या हजार वॅटांपैकी दोनशेच उरतात. दोन्ही पंख्यांना मिळून पन्नास वॅटच्या आत वीज पुरते. म्हणजे दिवसाला सव्वा युनिट खर्चून एकोणीस युनिटे वाचली. ही वजाबाकी पाहिली की यंत्राविषयी आणखी स्तुती करण्याचे कारण उरत नाही.

दुसरी एक जात आहे. भिंतीत आरपार नळी, नळीत चिनीमातीचा जाळीदार ठोकळा आणि एक पंखा. पंखा मिनिटभर हवा बाहेर ढकलतो तेव्हा ठोकळा तापतो. मग उलटा फिरून मिनिटभर आत ओढतो, तेव्हा ठोकळा ती ऊब परत देतो. पोलाद किंवा काच यांच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला हे नवीन नाही. फ्रीडरिख सीमेन्सने १८५६ साली पेटंट घेतलेली भट्टी याच युक्तीवर चालते. जळालेल्या वायूंनी विटांची जाळी तापवायची, मग झडपा फिरवून त्याच जाळीतून येणारी हवा घ्यायची. कारखान्यात जी काटकसर दीडशे वर्षांपूर्वीच फायद्याची ठरली होती, ती माणसाच्या बिऱ्हाडापर्यंत पोचायला एवढा काळ लागला.

पोचवली ती १९७३ च्या तेलटंचाईने. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरी १९७७ साली एक प्रयोगघर बांधले गेले. जाड भिंती, आतून प्लॅस्टिकचे अखंड अस्तर, फट म्हणून कोठे नाही. असे घर बांधले की हवा यंत्रानेच आणावी लागते. म्हणून त्यात हवेची ऊब परत घेणारी पेटी बसवली. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या रॉबर्ट बेझंट प्रभृतींनी अशा पेट्यांवर काम केले, आणि प्लायवुड व प्लॅस्टिक वापरून त्या घरच्या घरी कशा कराव्यात हेही छापून दिले. पुस्तके उसनी आणून जे शिकले त्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार आवडते. पुढे जर्मनीत डार्मश्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या योजनेने चार जोडघरे उभी राहिली. १९९१ साली त्यांत कुटुंबे राहायला आली. नेहमीच्या घराच्या सुमारे एक दशांश उष्णतेत त्यांचा हिवाळा निभावतो. तेथूनच पुढे 'पासिव्हहाउस' हे प्रमाण निघाले. घराला पंख्याने दाब देऊन फटी मोजतात, आणि पेटीने किमान पंचाहत्तर टक्के ऊब परत दिलीच पाहिजे अशी अट आहे. फटींचे माप महत्त्वाचे आहे. घर गळके असेल तर हवा पेटीतून न जाता फटींतूनच जाते आणि सगळा खर्च फुकट.

यंत्राचे दोष सांगितले नाहीत तर ते विक्रेत्याचे भाषण होईल. शिळी हवा थंड होताना पाणी सोडते. त्याला नळी काढून निचरा द्यावा लागतो. कडाक्याच्या थंडीत ते पाणी पेटीतच गोठते, म्हणून येणारी हवा आधी थोडी तापवावी लागते. डार्मश्टाटच्या घरांत ती जमिनीखालच्या नळांतून फिरवून आणली होती. गाळण्या सहा महिने ते वर्षाने बदलाव्या लागतात. न बदलल्या तर पंखे चालू दिसतात आणि हवा येत नाही.

सर्वांत मोठा दोष मात्र यंत्रात नसतो, बसवण्यात असतो. हॉलंडमधील आमर्सफोर्ट शहराच्या व्हाटहोर्स्ट या नव्या वस्तीत २००७-०८ च्या सुमारास रहिवाशांनी डोकेदुखी, खोकला, निजेचा त्रास अशा तक्रारी केल्या. सरकारी आरोग्य विभागाने पाहणी केली. अनेक घरांत हवा ठरल्यापेक्षा कमी येत होती, आणि पंख्यांचा आवाज इतका की माणसे यंत्र सर्वांत मंद गतीवर ठेवीत. दोष मांडणीचा, घाईचा आणि देखभालीच्या अभावाचा होता, पण बदनामी साऱ्या पद्धतीची झाली. जेथे काम तुकड्यातुकड्यांनी पोटकंत्राटदाराला दिले जाते आणि शेवटी हवा मोजून पाहणे हे कुणाचेच काम नसते, तेथे याहून निराळे काय होणार? नळ वाकडातिकडा जोडला तर भिंत बांधून झाल्यावर तो दिसतही नाही.

चांगले उदाहरणही इंग्लंडातलेच देतो. नॉरिच शहराच्या नगरपालिकेने गोल्डस्मिथ स्ट्रीटवर सुमारे शंभर भाड्याची घरे याच प्रमाणाने, याच पेट्या बसवून बांधली. २०१९ साली त्यांना स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. ब्रिटनमधले वास्तुकलेचे हे मोठे पारितोषिक. ते नगरपालिकेच्या भाडेकऱ्यांच्या घरांना मिळाले, ही बातमी आमच्या दृष्टीने पारितोषिकापेक्षा मोठी होती.

आपल्याकडे याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. पुण्या-कोल्हापुरात बहुतेक दिवस खिडकी उघडणे हेच सर्वांत स्वस्त यंत्र आहे. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या लल्लूभाई कम्पाउंड, नटवर पारेख कम्पाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की उजेड आणि हवा घरांत पोचत नाही, आणि तेथे क्षयरोग जास्त आढळतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. तेथे पेटी सुचवणे ही थट्टा होईल. तेथे हवे आहे ते दोन इमारतींतले अंतर.

परंतु एक जागा अशी आहे की जेथे हा विषय आपल्या घरात शिरला आहे, आणि ती म्हणजे वातानुकूलित झोपायची खोली. भिंतीवरचे साधे यंत्र बाहेरून ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करून देते. दार-खिडकी लावून दोन माणसे निजली तर पहाटेपर्यंत त्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड पेटेनकोफरच्या मर्यादेच्या दुप्पट सहज होतो. मोठ्या कचेऱ्यांत यासाठी चाक बसवतात. ओल शोषणारा लेप दिलेले जाळीदार ॲल्युमिनियमचे हे चाक दोन प्रवाहांत हळूहळू फिरते आणि येणाऱ्या हवेची उष्णता व दमटपणा दोन्ही उचलून बाहेर जाणाऱ्या हवेत टाकते. मुंबईच्या हवेत दमटपणाच अधिक महत्त्वाचा. कारण ताजी हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातले पाणी काढण्यात यंत्राची जास्त शक्ती जाते. घरापुरती अशी पेटी मिळते, पण ती स्वस्त नाही. ती नसेल तर खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. दोघांच्या खोलीला त्यापायी आमच्या हिशेबाने रात्रभरात सुमारे दीड युनिट जास्त लागते.