पाचापैकी एकही निसटू नये!

सेमिनारचा विषय मी निव्वळ नावावर भाळून घेतला – ‘सामुराई’! जपानमध्ये वाको इथल्या रिकेन संस्थेतला हा अवाढव्य चुंबकीय स्पेक्ट्रोमीटर. चुंबक सुपरकंडक्टिंग, ध्रुवांचा व्यास २ मीटर, फील्ड सुमारे ३ टेस्ला. मी आकडे धडाधड म्हणून टाकले आणि सरांनी विचारलं, "ध्रुवांमधली वाट ८० सेंटीमीटर उंच कशाला?" मी ठोकून दिलं, "फील्ड वाढावं म्हणून." वर्ग हसला. फट वाढली की तेवढंच फील्ड मिळवणं उलट अवघड होतं! मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर मिळालं ऑक्सिजन-२८ मध्ये. ८ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन. दोन्ही ‘मॅजिक’ आकडे, म्हणजे कवचं पूर्ण भरलेली. असं केंद्रक घट्ट बांधलेलं असेल अशी अपेक्षा होती. ते तपासण्यासाठी कॅल्शियम-४८ चा बीम बेरिलियमवर आदळवून, तुकड्यांमधून फ्लोरिन-२९ निवडतात. ते काही मिलिसेकंदच टिकतं, त्यामुळे त्याचं टार्गेट बनवणं अशक्य. त्याचाच बीम करायचा आणि द्रव हायड्रोजनवर सोडायचा. क्वचित एखाद्या केंद्रकातला एक प्रोटॉन उडतो, उरतं ऑक्सिजन-२८. तेही लगेच फुटतं – एक ऑक्सिजन-२४ आणि ४ न्यूट्रॉन.

खरी गंमत पुढेच आहे. मूळ केंद्रकाची ऊर्जा काढायला पाचही तुकड्यांचा संवेग लागतो. ऑक्सिजन-२४ वर विद्युतभार असल्याने तो चुंबकात वळतो आणि वळणावरून संवेग कळतो. फर्स्ट इयरला थॉमसनच्या प्रयोगात आपण इलेक्ट्रॉन वळवतो, तेच तत्त्व! न्यूट्रॉन मात्र वळत नाहीत. ते त्याच वाटेने सरळ जाऊन सिंटिलेटरच्या भिंतींवर आदळतात. प्रवासाच्या वेळेवरून वेग मिळतो. वाट अरुंद असती तर पसरलेले न्यूट्रॉन चुंबकाच्या लोखंडातच अडकले असते. समजा, एक न्यूट्रॉन सापडण्याची शक्यता १/२ आहे. तर चारही सापडण्याची फक्त १/१६! आधीच बीम दुर्मिळ, त्यात ही गळती कशी परवडणार? म्हणून ‘लार्ज ॲक्सेप्टन्स’.

२०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निकाल आला. ऑक्सिजन-२८ बांधलेलं नाहीच. पाचही तुकडे एकत्र पकडल्यावर ते फुटताना दिसलं. तिथे २० चा मॅजिक चालत नाही. म्हणजे पुस्तकातले ‘मॅजिक’ आकडेही सगळीकडे लागू पडत नाहीत.

आता सरांनी पुन्हा विचारलं तर उत्तर तयार आहे – "सर, फट फील्डसाठी नाही, निसटणाऱ्यांसाठी!"